सुलतानासाठी पोवळ्याचं झाड

१

पेटी उघडली. आत पांढऱ्याशुभ्र लोकरीचं अस्तर होतं, अस्तरात झाडाच्या आकाराचा खळगा होता आणि झाड नव्हतं.

बार्सेलोनाच्या सौदाघरात त्या सकाळी जमलेली शहाणीसुरती माणसं त्या खळग्याकडे अशी बघत राहिली, जणू नेटानं बघितलं तर ते पुन्हा उगवेल. हरणाच्या शिंगांएवढं पसरलेलं लालभडक पोवळ्याचं झाड. राजानं इजिप्तच्या सुलतानाला पाठवायची भेट. जहाज समोर समुद्रात नांगर टाकून तयार होतं. संध्याकाळी जमिनीकडून वारा सुटला की शिडं चढायची.

भेट साधी नव्हती, कारण कामही साधं नव्हतं. आपल्याच एका चाच्यानं सुलतानाचं जहाज लुटलं होतं. त्याचा राग सुलतानानं अलेक्झांड्रियातल्या आपल्या व्यापाऱ्यांवर काढला. सगळे, वकिलासकट, वखारीत कोंडलेले. मिरी बंद, सुंठ बंद, लवंग बंद. आपले प्रतिस्पर्धी जेनोआचे लोक तिकडे मिशीत हसत बसलेले.

"गजाला काहीतरी अडकलंय," सौदाघराच्या किल्ल्या सांभाळणारा जास्पेर्त खिडकीपाशी जाऊन म्हणाला.

त्यानं ते सोडवून उजेडात धरलं. अर्धी लाल, अर्धी पिवळी गोल चकती. ज्यूंनी छातीवर शिवून फिरायची, कायद्यानं बंधन असलेली. चकतीला करड्या लोकरी झग्याचा फाटका तुकडा लोंबत होता.

खोलीत एकच ज्यू होता. राजाचा अरबी दुभाष्या, मेस्त्रे जाफुदा. त्याच्या छातीवर चकती जागच्या जागी होती.

"नवी शिवलीस वाटतं?" राजदूत मोसेन गाल्सेरान म्हणाला. सरदार माणूस, विचार करण्याआधी हात चालायचे. त्यानं पेटीवरचीच दोरी उचलली आणि जाफुदाचे हात स्वतः बांधले.

२

राजाचा फौजदार म्हणाला, फास द्या. व्यापाऱ्यांचे पंच म्हणाले, फास दिला तर सुलतानाशी बोलणार कोण, तुमचा घोडा? दोन्ही पक्षांत तास गेला. शेवटी चौकशीला असा माणूस निवडायचं ठरलं, जो दोघांनाही सारखाच नावडता असेल. मग फार शोधावं लागलं नाही.

पोन्स साफाब्रेगा हा बाजाराचा मुस्तसाफ होता. तराजू, मापं, कापडाची रुंदी, पावाचं वजन, सगळं तपासायचं आणि लबाडी सापडली की दंड करायचा हे त्याचं काम. बाजारात तो दिसला की मापं आपोआप भरत. माणसंही तो मालासारखीच बघायचा: वरचा थर कसा आहे ते सोडून द्यायचं, हात तळाशी घालायचा.

"वारा सुटेपर्यंत," फौजदारानं बजावलं. "मग दोरी माझी."

"दोरी तुमचीच असते साहेब," पोन्स म्हणाला. "मान कुणाची, एवढंच बघायचंय."

त्यानं आधी खिडकी पाहिली. गज शाबूत होते. एकाही गजावर कानशीचा ओरखडा नाही. मधल्या फटीतून हात जाईल, मांजर जाईल. हरणाची शिंगं काही जाणार नाहीत.

"तोडून नेलं असेल," जास्पेर्त म्हणाला.

"पोवळं तोडलंस कधी? फरशीवर साखरेसारखा भुगा पडतो. इथं तर केर काढल्यासारखी फरशी आहे. काढलास का?"

"छे! हात लावायचा नाही म्हणून फौजदारानं सांगितलं."

पोन्स पेटीवर वाकला. पांढऱ्या अस्तरावर दोन-तीन लाल ठिपके होते.

"चोराचं रक्त," जास्पेर्त कुजबुजला. "गजाला हात कापला असणार."

"चांगल्या घरचं रक्त दिसतंय. रात्र उलटली तरी काळं पडलं नाही." पोन्सनं ठिपक्याला बोट लावलं. बोट किंचित चिकटलं. त्यानं ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले, जसे वाण्याच्या दुकानात मिटायचा.

मग त्यानं ती लाल-पिवळी चकती घेतली. शिवणीतला एक धागा ओढून काढला, जिभेनं ओला केला, चिमटीत पिळला आणि उलगडू दिला. तेवढं करून तो चकती खिशात टाकून उठला.

"काय कळलं?" पंचांनी विचारलं.

"जे कळलं त्यानं गोष्ट आणखी अवघड झाली," पोन्स म्हणाला. "हे झाड कुणालाच विकता येणार नाही. सार्डिनियापासून इथवर पोवळ्याचा धंदा करणारा प्रत्येक जण त्याला ओळखतो. मग ते नेऊन कुणाचं भलं झालं?"

३

जाफुदा तळघरात मिठाच्या गोण्यांना टेकून बसला होता. हात अजून बांधलेलेच.

"ये रे," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. मागच्या महिन्यात माझ्या मेहुण्याला दंड केलास, आता मला काय करतोस बघू."

"मेहुण्याच्या पायल्या खोट्या होत्या."

"होत्याच. घरात कुणालाही विचार." मग त्याचा आवाज उतरला. "पोन्स, तिकडे वखारीत आपली माणसं आहेत. मागल्या खेपेला मी त्यांच्यात राहिलोय. जहाज आज गेलं नाही तर वारे फिरतील आणि ती माणसं अख्खा हिवाळा तिथेच. माझं काय व्हायचं ते होवो, पण..."

"तुझंच आधी बघू. काल झाड कुणी कुणी पाहिलं?"

जाफुदानं सांगितलं, काल दुपारी सौदाघरात मेजवानी होती: चणे, खारवलेला मासा, बदामाची खीर. टेबलाशी चौघंच, गाल्सेरान, जास्पेर्त, जाफुदा आणि झाड पुरवणारा व्यापारी रोमेउ. जेवणानंतर जाफुदा पेटीच्या खोलीत एकटा गेला, कारण झाडाचं वर्णन त्याला अरबीत लिहायचं होतं. तो बाहेर आल्यावर रोमेउ तेल लावून शेवटचं चकाकवायला गेला. शेवटी गाल्सेरान, आपली भेट डोळे भरून बघायला.

"पेटी उघडून?"

"त्यालाच विचार. मी तर दाराबाहेर कागद वाळवत होतो."

"जेवताना काय बोललात?"

"मीच बोललो, बाकीचे चावत होते. कैरोच्या दरबाराच्या गमती. भेट आली की सुलतानाचा जामदार ती कशी तपासतो. सोनं कसाला लावतो, कापड उलटं करतो, पोवळं ऊन दुधात बुडवून ठेवतो. गाल्सेरान चिडला. म्हणाला, राजाच्या भेटीला दुधात बुडवणार? मी म्हटलं, मोसेन, आपण त्यांची मिरी चावून बघतोच की."

पोन्स हसला नाही. दारात वळून त्यानं विचारलं, "हे ऐकून कुणाचं जेवण राहिलं का रे?"

जाफुदानं आठवून पाहिलं. "खीर कुणीतरी अर्धी सोडली होती. कुणी ते नाही लक्षात. बदामाची खीर कोण सोडतो?"

४

मोसेन गाल्सेरान गच्चीत फेऱ्या घालत होता.

"पेटी उघडली का काल?"

"मी नोकर आहे का झाकणं उघडायला? पेटीपुढे गुडघे टेकले, प्रार्थना केली, उठलो."

"म्हणजे झाड पाहिलं नाही."

गाल्सेरान थांबला. "नाही," तो म्हणाला. "पण ते तिथं होतं."

"पावाच्या दुकानातही लोक असंच म्हणतात, मोसेन. नंतर घरी जाऊन तोलतात." पोन्सनं आवाज खाली घेतला. "खरं सांगा, तुम्हाला जायचंय का तिकडे?"

सरदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला बोटीत ओकाऱ्या होतात," तो म्हणाला. "पण राजानं सांगितलंय, तर जाईन."

ह्या कबुलीमुळे पोन्सला तो आवडू लागला. राज्य कशावर चालतं असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अशांवरच. घरचा गहू पुरत नाही, सिसिलीतून आणावा लागतो. सोन्याची खाण नाही. सुलतानाशी व्यापार करायला पोपची मनाई, आणि मनाई मोडायचा परवाना विकत मिळायची सोयही तिथेच. एवढ्या भांडवलावर ह्या राज्यानं ट्युनिसपासून अलेक्झांड्रियापर्यंत वकील बसवले होते. ओकाऱ्या होत असताना बोटीत चढणारे सरदार आणि परक्या जिभेत घासाघीस करणारे दुभाषे, हीच त्याची खाण.

जास्पेर्तचा जबाब त्यानं दारातल्या बाकावरच घेतला. ह्या बाकासमोरून गेल्याशिवाय आत-बाहेर कुणाला जाता येत नसे.

"बायको जेनोआची ना तुझी?"

"दहा वर्षं झाली लग्नाला! आता तिला तिच्या गावचा पत्तासुद्धा आठवत नाही, आणि तुम्ही..."

"बरं बरं. कोण काय घेऊन बाहेर पडलं?"

"मेस्त्रे कागद घेऊन. मोसेन तलवार घेऊन. रोमेउ शेठ त्यांची नेहमीची थैली घेऊन. शेगडी आतच ठेवली, तेल कोमट करायला मागितली होती ती. झगे सगळ्यांचे पाहिले मी, झाड लपवायला तंबू लागेल साहेब."

"थैलीत काय?"

"पोवळ्याच्या काड्या, नमुन्याच्या. रोज नेतात. माझ्या धाकटीच्या गळ्यात बांधायला एक काडी दिली पण, दृष्ट लागू नये म्हणून. लाख माणूस."

"काल दिली?"

"नाही, काल घाईत होते."

५

ज्यूंच्या मोहल्ल्यात जाफुदाच्या घराचं दार उघडंच होतं. त्याची बायको बोनादोना उजेडात बसून प्रवासाचा झगा शिवत होती. नवरा कोठडीत असताना त्याच्या प्रवासाचा झगा. पोन्स उंबऱ्याशी आला.

"बसा," ती म्हणाली. "दंड कशाचा आहे ते आधी सांगा."

"आज दंड नाही बाई. झगा कसला?"

"लोकरीचा. बोटीत गार लागतं त्यांना."

"आणि धागा?"

"रेशमाचा. आणि तुमच्या बाजारात रेशमाचा भाव काय झालाय ते बघा एकदा, मापं कसली बघताय."

"मग जवसाच्या सालीचा धागा घ्यावा. स्वस्त, मजबूत. माझ्या घरी सगळी लोकर जवसानंच शिवतात."

बोनादोनानं सुई थांबवली. पोन्सला उत्तर माहीत होतं. मोहल्ल्यातले शिंपी दरवर्षी त्याच्याकडे येऊन धाग्याची खात्री करून घेत. पण त्याला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"लोकर आणि जवस एका कपड्यात?" ती म्हणाली. "मुस्तसाफ, माझ्या नवऱ्यावर चोरी घाला, खून घाला. पण माझ्या घरात लोकरीला जवसाचा टाका पडला असं म्हणालात तर ह्याच सुईनं तोंड शिवीन. आमच्या धर्मात ते चालत नाही. ह्या गल्लीतली पोरगी बोलायला लागायच्या आधी एवढं शिकते."

पोन्सनं खिशातून ती लाल-पिवळी चकती काढून तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं शिवण उलटी केली, नखानं टाका उचलला आणि चकती अशी लांब धरली, जशी कुणी मेलेली पाल धरावी.

"हे आमच्यापैकी कुणी शिवलेलं नाही," ती म्हणाली. "ज्यानं शिवलं त्यानं आम्हाला रोज पाहिलं असेल. पण बाहेरूनच."

पोन्स उठला. मोहल्ल्याच्या कमानीबाहेर आला तेव्हा किनाऱ्यावरची धूळ समुद्राच्या दिशेनं उडू लागली होती. वारा वेळेआधीच सुटत होता.

६

रोमेउ शेठची वखार किनाऱ्याजवळच होती. पोन्स आला तो एकटा नव्हता. पंच होते, गाल्सेरान होता, आणि फौजदार जाफुदाला दोरीनं धरून आणत होता, कारण फासाचा खांब त्याच वाटेवर होता.

"या, या!" रोमेउ गोरागोमटा, हसतमुख माणूस होता. "काय अवस्था झाली हो, मेस्त्रे! मी फौजदारांना म्हटलं, चकती काय कुणाचीही पडते..."

"चकतीचं नंतर," पोन्स म्हणाला. "मी माप तपासायला आलोय. तुमच्या पोवळ्याचं."

"आज?"

"आजच. एक परात लागेल, ऊन दूध लागेल."

रोमेउचा चेहरा हसतच राहिला, फक्त त्यातला रोमेउ निघून गेला.

"दुधाचं काय?" फौजदारानं विचारलं.

"सांगतो. सकाळपासून सगळे विचारत होते, झाड कुणी नेलं. मी विचारत होतो, झाड नसल्यानं कुणाचं भलं झालं. ते विकता येत नाही. खिडकीतून जात नाही. झग्याखाली मावत नाही. फोडलं म्हणावं तर भुगा नाही. मग एकच उरतं. ते झाड कधी एक झाड नव्हतंच."

पंच पुढे सरकले.

"सार्डिनियात लढाई चाललीय, यंदा पोवळं काढणारे समुद्रात उतरलेच नाहीत. एवढी मोठी फांदी यंदा आली कुठून, हे मी आधीच विचारायला हवं होतं. ती आलीच नाही. काड्या जोडून केली. सांधे मस्तकीच्या डिंकानं, त्यात पोवळ्याची पूड आणि हिंगूळ. काम असं सुरेख, की मी स्वतः हातात घेऊन वाहवा केली होती, आणि आजही करतो. पण मस्तकी उबेला मऊ पडते. अस्तरावरचे लाल ठिपके रक्त नव्हते, त्यांना मस्तकीचा वास आहे."

पोन्स रोमेउकडे वळला.

"काल जेवताना मेस्त्रेंनी जामदाराच्या दुधाची गंमत सांगितली. खीर तुमचीच अर्धी राहिली असणार. सुलतानाच्या दरबारात राजाची भेट दुधात विरघळली असती, तर आपले व्यापारी वखारीतच म्हातारे झाले असते, आणि राजानं तुमचं काय केलं असतं ते फौजदारांना विचारा. तुम्ही तेल कोमट करायला शेगडी मागितली. सांधे शेकले, काड्या सुट्या केल्या, थैलीत भरल्या आणि जास्पेर्तच्या समोरून निघून गेलात. तो रोज तुमच्याकडे पोवळ्याची थैली बघतो. कोण विचारणार? जाताना बाहेरून गजाला चकती अडकवली. दुभाष्या लटकला की जहाज अडतं, दुधाची गोष्ट माहीत असलेला माणूसही जातो, आणि झाडाबद्दल कुणी पुन्हा विचारत नाही."

"चकती त्याच्या झग्याची आहे!" रोमेउ ओरडला.

"ती लोकरीला जवसाच्या धाग्यानं शिवलीय, शेठ. आपल्याकडे शिवतात तशी. ज्यू शिवत नाही, कधीच नाही. तुम्ही आयुष्यभर त्यांच्याशी धंदा केलात, पण त्यांच्या शिवणीकडे पाहिलं नाहीत. मीही शिंप्यांचे धागे तपासून देतो म्हणून पाहिलं, नाहीतर मीसुद्धा हीच चूक केली असती."

"पुरावा?" फौजदार म्हणाला. दोरी त्यानं अजून सोडली नव्हती.

"कोपऱ्यातला तो काड्यांचा ढीग. पोवळ्याचा व्यापारी पोवळं समुद्रात फेकत नाही, फौजदार. त्याला झोप येणार नाही."

ढिगातून काड्या परातीत पडल्या. वर दूध ओतलं. बहुतेक काड्या तशाच राहिल्या. पण काहींच्या टोकांवरून तांबूस धागे सुटून दुधात पसरले, आणि वखारभर देवळातल्यासारखा मस्तकीचा वास दरवळला.

रोमेउ शेठ खाली बसला. "फांदी मिळाली नाही," तो म्हणाला. "पण शब्द दिला होता."

७

किनाऱ्यावर छोटी होडी तयार होती. शिडं अर्धी चढलेली. फौजदारानं जाफुदाची दोरी सोडायला हात पुढे केला, तसा जाफुदा मागे सरला.

"तुम्ही नको. ज्यानं बांधली त्यानं सोडावी."

गाल्सेराननं इकडे-तिकडे पाहिलं. पंच होते, खलाशी होते, मासेवाल्या होत्या. मग तो वाळूत गुडघ्यावर बसला आणि गाठ सोडू लागला. गाठ घट्ट होती, त्याला दातही लावावे लागले.

"मला बोटीत ओकाऱ्या होतात," तो हळूच म्हणाला. "हे मुस्तसाफला सोडून कुणाला माहीत नाही. तुम्हाला बोटीत कळेलच."

"लिंबू घेतलंय मी," जाफुदा मनगट चोळत म्हणाला. "दोघांपुरतं."

"पण भेट?" एका पंचानं डोकं धरलं. "रिकाम्या हातानं सुलतानापुढे?"

जाफुदानं मनगट चोळणं थांबवलं. पोन्सनं त्याला बाजारात भाव पाडताना पाहिलं होतं, तेव्हा त्याचे हात असेच थांबायचे.

"रिकाम्या कशानं? त्या काड्या द्या. दुधात विरघळलेल्या आणि न विरघळलेल्या, सगळ्या. जामदारानं पेटी उघडली की मी सांगेन: आमच्या राजाला तुमच्यासाठी सुंदर झाड मिळालं होतं. निघण्याआधी त्यानं ते तुमच्याच पद्धतीनं ऊन दुधात तपासलं, खोटं निघालं, म्हणून ते अर्पण करायला त्याला लाज वाटली. खोटी भेट देण्यापेक्षा ती खोटी कशी होती, हेच दाखवायला त्यानं आम्हाला पाठवलं. आता असा राजा सांगतो, की लुटलेल्या जहाजाची भरपाई देतो. त्याच्या शब्दाला तुम्ही किती दुधात बुडवाल?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला सगळ्यात कंजूस हसला, आणि मग सगळे हसले. पोन्सनं मात्र टोपी काढली. असा सौदा त्यानं अख्ख्या आयुष्यात तोलला नव्हता: नुकसान, फसवणूक, फासाची दोरी, सगळं एका बाजूला टाकून ह्या माणसानं पारडं फिरवलं होतं.

होडी पाण्यात ढकलली गेली. बोनादोना नव्या झग्याचं गाठोडं नवऱ्याच्या हातात देऊन परत आली होती. ती पोन्सशेजारी उभी राहिली.

"राजानं दुधात तपासलं होतं?" तिनं विचारलं.

"राजा सध्या शिकारीला गेलाय, बाई."

"म्हणजे हे सुलतानाला थापा मारणार."

"अर्ध्याच. बाकी अर्धं खरं आहे. खोटी भेट आपण पाठवली नाही ना?"

"घरी असं काही बोलले तर मला लगेच कळतं."

"सुलतानाला तेवढी सवय नाही."

ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा. मग एकाएकी वाळूत खाली बसली. जहाजाचं शीड वाऱ्यानं फुगलं, वळलं आणि पूर्वेकडे निघालं. ते ठिपका होऊन दिसेनासं होईपर्यंत ती उठली नाही, आणि पोन्सही हलला नाही. त्या संध्याकाळी बाजारात कुणाचंच माप तपासलं गेलं नाही. पण वाण्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी भरूनच दिलं.